माहितीच्या कोठाराची परीक्षा

कोठार धान्याने कितीही भरलेले असले, तरी त्याचे दार अरुंद असेल, तर धान्य बाहेर काढण्यास वेळ लागतोच. माहितीच्या कोठाराचीही हीच गोष्ट आहे.

हल्ली काही घरांत छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व कागदपत्रे एका लहानशा पेटीत साठवून ठेवतात. ही पेटी घरातील संगणकांच्या जाळ्याला तारेने जोडलेली असते; त्यामुळे कोणत्याही संगणकावरून तिच्यातील माहिती मागवता येते. अशा पेटीस साठवणयंत्र म्हणता येईल. तिच्यात बहुधा चुंबकीय लेप दिलेल्या, वेगाने फिरणाऱ्या तबकड्या असतात.

या यंत्राचा वेग मोजण्याची रीत सोपी आहे. एक मोठी फाइल यंत्रातून संगणकावर आणावी आणि लागलेला वेळ घड्याळाने मोजावा. ४०,००० मेगाबाइटांची फाइल येण्यास ४०० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला १०० मेगाबाइट झाला.

हा वेग कमी म्हणावा काय? घरातील तार सेकंदाला १,००० मेगाबिट वाहून नेणारी आहे, असे समजू. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे या तारेतून सेकंदाला १२५ मेगाबाइटांहून अधिक माहिती जाऊच शकत नाही. शिवाय माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर पत्ता घालावा लागतो. त्यातही काही जागा खर्च होते. तेव्हा तबकडी सेकंदाला २०० मेगाबाइट देण्यास समर्थ असली, तरी तिचे सामर्थ्य वायाच जाते. उणीव कोठारात नसून दारात असते.

परीक्षा घेताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एकदा वाचलेली माहिती यंत्र आपल्या जलद स्मृतीत जपून ठेवते. तीच लहान फाइल पुन्हा मागितली, तर ती स्मृतीतूनच मिळते आणि तबकडीची परीक्षा होतच नाही. म्हणून फाइल स्मृतीत मावणार नाही एवढी मोठी घ्यावी. दुसरी गोष्ट अशी, की मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सुमारे ८ सहस्रांश सेकंद लागतात. विखुरलेली हजारो छायाचित्रे वाचताना हवा तो भाग समोर येईपर्यंत प्रत्येक वेळी थांबावे लागते. म्हणून तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाइलीपेक्षा त्यांना पुष्कळ अधिक वेळ लागतो.

तथापि वेग हीच एकमेव कसोटी नव्हे. ठेवलेली फाइल परत आणून ती मूळ फाइलीशी तंतोतंत जुळते की नाही, हेही ताडून पाहावे, आणि तिची एक प्रत अन्यत्र ठेवावी. फाइल उशिरा आली, तर घटकाभर वाट पाहता येते. परंतु दिवंगत आजीच्या आवाजाचे एकुलते एक ध्वनिमुद्रण नष्ट झाले, तर ते कोणत्याही वेगाने परत आणता येत नाही.