भैरवीचा बिलावल कसा होतो?

समजा, मिरजेच्या कुणा कॉलेजकन्येने संगीताच्या मासिकासाठी एक जोडपान मांडायला घेतले आहे. विषय दाराशीच आहे: २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तंबोरा, इथेच राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब, आणि शेजारी भैरवीतल्या एका बंदिशीची स्वरलिपी. चित्र, मथळा, मजकूर सगळे बसते. मग ती सरगम टाइप करते आणि 'नि' फुटतो. वेलांटी 'न'च्या मागे लोंबकळते.

संगणक मराठी कसे साठवतो, हे इथे कळते. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने जातात, म्हणजे आधी न, मग इकार. वेलांटी उचलून डावीकडे ठेवण्याचे काम फॉन्ट आणि पानरचनेचे सॉफ्टवेअर मिळून करतात. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या जाणणारा कंपोझर निवडला नसेल, तर ते होत नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये उलटा प्रकार होता. तिथे वेलांटीचे चित्र इंग्रजी कळीच्या जागी बसवलेले असे आणि ते 'न'च्या आधीच टाइप करावे लागे. फॉन्ट बदलला की पानभर गिचमिड.

यापुढची चूक डोळ्यांना दिसतही नाही. स्वरलिपीच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. ती रेघ सॉफ्टवेअरच्या अधोरेखेने काढली, तर ती अक्षराचा भाग ठरत नाही, नुसती वरून चढवलेली सजावट असते. मजकूर साध्या टेक्स्टच्या रूपात मेलमधून इकडून तिकडे गेला की ती गळून पडते. भैरवीत रे, ग, ध, नि हे चार स्वर कोमल. चारही रेघा उडाल्या की उरतो तो बिलावल! मुद्रितशोधकाला एकही अक्षर चुकलेले सापडणार नाही आणि मथळ्यात 'भैरवी' तशीच मिरवत राहील. उपाय मात्र युनिकोडच्या देवनागरी तक्त्यातच आहे. वेदमंत्रांच्या स्वरांसाठी तिथे अक्षराखालची आडवी आणि डोक्यावरची उभी रेघ स्वतंत्र चिन्हे म्हणून दिली आहेत. पहिली कोमल स्वरांना चालते, दुसरी तीव्र मध्यमाला. ती अक्षराबरोबर प्रवास करतात, फक्त फॉन्टने त्यांना जागा दिलेली हवी.

टिंबाची गंमत याहून मोठी आहे. भातखंडे पद्धतीत अक्षरावरचे टिंब म्हणजे तार सप्तक. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तक दाखवते. मध्य षड्ज, म्हणजे 'सा', २४० हर्ट्झचा धरला, तर टिंब दिलेला 'सा' एक वाचक ४८० वर गाईल आणि दुसरा १२० वर. कोणती पद्धत वापरली, हे पानाच्या कोपऱ्यात दोन शब्दांत छापायला फारशी जागा लागत नाही, तरी ते राहून जाते.

स्वर कागदावर किती बारकाईने उतरवायचा, या प्रश्नाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगली आणि सातारा यांना एकत्र आणले होते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांवर, पुस्तिका काढली. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी तो धागा पुढे नेला, आणि त्यातून श्रुती-हार्मोनियम घडली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून बराच वाद झाला. माझ्या मते गायकाचा स्वर पट्टीत बांधण्याची ही हौस फसणारीच होती, पण त्यामागचे गणित मोलाचे आहे. षड्ज २४० असेल, तर ५/४ या गुणोत्तराचा गांधार ३०० वर येतो आणि ८१/६४ चा ३०३.७५ वर. कागदावर दोन्ही 'ग'च. एकत्र वाजवले की मात्र आवाज सेकंदाला पावणेचार वेळा फुगतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्रात यांना विस्पंद म्हणतात. तंबोरा लावणारा खुंटी पिळताना हेच ऐकतो. जोडीच्या तारांमधली लाट संथ होत होत नाहीशी झाली, की जोड लागली.

आता खाँसाहेबांचे छायाचित्र. जुन्या अंकातले चित्र स्कॅन केले, तर चेहऱ्यावर पट्टे उमटतात. छपाईवाले याला मोआरे म्हणतात. कॅमेरा, स्कॅनर दोन्ही निर्दोष; हेही विस्पंदच आहेत, फक्त काळाऐवजी जागेत पसरलेले. छापील चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. ती इंचाला ८५ ठिपक्यांची असेल आणि स्कॅनर इंचाला १०० नोंदी घेत असेल, तर इंचाला १५ पट्टे येणार. एकेक सुमारे पावणेदोन मिलिमीटरचा, म्हणजे सहज डोळ्यांत भरणारा. म्हणून आधी खूप बारीक स्कॅन करायचे, ठिपके किंचित पुसट करायचे आणि मगच चित्र लहान करायचे.

चार रंगांच्या छपाईत तर चार जाळ्या एकमेकींवर पडतात. त्या जवळपास सारख्या दिशेने ठेवल्या तर पट्टे ठरलेलेच, म्हणून त्या वेगवेगळ्या कोनांत फिरवतात. चौकोनी जाळी ९० अंशांत पुन्हा पहिल्यासारखी दिसते, त्यामुळे ३० अंशांच्या अंतराने तीनच जाळ्या मावतात: निळा १५, काळा ४५, किरमिजी ७५. पिवळ्याला शून्यावर, १५ अंशांच्या अडचणीत बसवतात. पिवळा रंग डोळ्याला फिका, त्यामुळे त्याचे पट्टे खपून जातात.

शेवटी घडी. पिन मारलेल्या १६ पानी अंकात एका बाजूला छापल्या जाणाऱ्या जोडीतील पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १७ येते. म्हणून ६ आणि ७ वाचताना समोरासमोर दिसतात, पण ६ छापले जाते ११ शेजारी आणि ७ छापले जाते १० शेजारी. फक्त ८ आणि ९ खरोखर एका कागदावर सलग येतात. आडवा तंबोरा ६-७ वर पसरला, तर घडीशी अर्धा मिलिमीटरही सरकला की तारा तुटलेल्या दिसतात. संपादकाने मधले पान दिले नसेल, तर तंबोरा सातव्या पानावर उभा करावा. त्याच्या लांब दांडीशेजारी जो उभा पट्टा उरतो, त्यात भैरवीच्या ओळी नीट बसतात.