काळविटांच्या रानालगत पाहुण्यांचा मुक्काम : सोयी व सफरीची आखणी

वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात सोहोळ गावाच्या परिसरात काळविटांसाठी राखलेले अभयारण्य आहे. सन २००० मध्ये ते घोषित झाले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. मेळघाटासारखी घनदाट वृक्षराजी तेथे नाही. उघडा माळ, गवत, विरळ झुडपे आणि चहूकडून शेती, असे या रानाचे स्वरूप आहे. कळपांना अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. सोयाबीनचे कोवळे शेंडे अथवा हरभऱ्याचा घाटा त्यांना माळावरील गवताइतकाच प्रिय असतो, व त्यामुळे या भागातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने काळवीट म्हणजे रात्रंदिवस राखण करावयास लावणारा प्राणी होय.

परंतु हाच प्राणी डोळे भरून पाहण्याकरिता शहरातील माणूस पैसे मोजावयास तयार असतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून कारंज्यास पोहोचणे सुलभ झाले आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंज्यास आणि बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र म्हणून मानोरा तालुक्यातील पोहरादेवीस येणाऱ्या भाविकांची वर्दळ तर पूर्वीपासूनच आहे. यांपैकी काही कुटुंबे एक रात्र शेतावर राहून सकाळी कळप पाहावयास निघाली, तर शेतकऱ्यास जोडउत्पन्न मिळू शकते. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. तथापि हा व्यवसाय जितका सोपा भासतो तितका तो नाही. पुष्कळ ठिकाणी आधी खोल्या बांधल्या जातात, रंगीत दिवे लागतात, हिरवळ लावली जाते, आणि प्राणी कोठे व केव्हा दिसतील याचा विचार सर्वांत शेवटी होतो. क्रम याच्या उलट हवा. पाहुणा ज्यासाठी येतो तो प्राणी शांततेवाचून टिकत नाही. सबब प्राण्याची दिनचर्या आधी समजून घ्यावी, तीवरून सफर आखावी व सफरीस पुरतील एवढ्याच सोयी कराव्या.

‘सफारी’ हा शब्द आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतून जगभर पसरला. त्याचे मूळ अरबी असून मराठीतील ‘सफर’ हा त्याचाच सख्खा भाऊ आहे. केनियामध्ये १९३२ साली एका पाणवठ्याशेजारी झाडावर अगदी थोड्या खोल्यांचे ‘ट्रीटॉप्स’ हे निवासस्थान उभारले गेले. पाहुण्यांनी गच्चीवर मुकाट्याने बसावे व पाण्यावर येणारी जनावरे पाहावी, एवढीच त्यातील कल्पना होती. प्राण्यांच्या मागे न धावता एका जागी बसून त्यांची वाट पाहावी, ही गोष्ट आपल्याकडेही घेण्याजोगी आहे. पाणवठ्याची गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलू नये. स्वतःच्या शेतात खास पाणवठा करून कळप ओढून आणल्यास तो कळप जाता-येता शेजाऱ्याचा हरभरा खाऊन जाईल. मीठ, धान्य अथवा हिरवा चारा टाकून प्राण्यांना जवळ बोलावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, आणि प्राण्यास आमिष दाखविणे किंवा हाकून नेणे हे या कायद्याने शिकारीच्या व्याख्येत घातले आहे.

काळवीट हे नाव वस्तुतः पूर्ण वाढ झालेल्या नरास शोभते. त्याचीच पाठ काळी व शिंगे पीळदार असतात. माद्या व पाडसे पिवळसर बदामी रंगाची असतात. हा प्राणी मुख्यत्वे दिवसा चरणारा आहे. सूर्योदयापासून पहिले तीन तास व सूर्यास्तापूर्वीचे दोन-अडीच तास तो उघड्या माळावर असतो, आणि उन्हाच्या दिवसांत दुपारी सावलीला विसावतो. तेव्हा दुपारी बाराला पाहुण्यांना रानात नेऊन ‘आज हरणे दिसली नाहीत’ असे सांगण्यात अर्थ नाही. मोठा नर स्वतःची हद्द राखतो व ठराविक जागी लेंड्या टाकून तिची खूण करतो. वाटाड्याने असा लेंड्यांचा ढीग दाखवून त्याचा अर्थ समजावून सांगितला, तर एकही कळप जवळ न आला तरी पाहुण्यांची सकाळ वाया जात नाही. धोक्याची चाहूल लागताच एखादी मादी उंच उडी घेते, पाठोपाठ सारा कळप उड्या घेत पळतो. शहरातील माणसास हे दृश्य फार आवडते, आणि तेच पुन्हा पाहावयास मिळावे म्हणून तो गाडी कळपाकडे नेण्याचा आग्रह धरतो. अशा वेळी वाटाड्याने ठाम नकार द्यावा. पळविलेला कळप चरणे सोडतो, गाभण माद्या थकतात, आणि चार दिवस असेच झाले की तो ती जागाच सोडून जातो. पाचव्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यास मग काय दाखविणार?

पाडसांविषयी विशेष जपावे लागते. जन्मानंतरचे पहिले काही दिवस मादी पाडसास गवतात दडवून ठेवते व स्वतः दूर चरते. असे एकटे पाडस दिसताच ते पोरके आहे असे समजून दयाबुद्धीने घरी आणणारे लोक त्याची आई तोडतात. पाडसास हात न लावता तेथून दूर व्हावे. ते जखमी असेल तरच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. याच कारणास्तव सफर पायी असो वा गाडीने, गवतातून जाऊ नये. शेतातील पांदण रस्ता हाच सफरीचा मार्ग होय. एका वेळी सहा माणसांहून अधिक नेऊ नयेत, मातकट अथवा खाकी रंगाचे कपडे घालण्यास आधीच सांगून ठेवावे, आणि कळपापासून दीडशे मीटर तरी अंतर राखून थांबावे. दुर्बिणी चांगल्या असतील तर हे अंतर मुळीच अडत नाही. जे पैसे हिरवळीवर खर्च होतात त्यांत दोन चांगल्या दुर्बिणी येतात. सोबत स्वतःचा कुत्रा नेऊ नये. पाडसांना लांडग्याइतकेच भय मोकाट कुत्र्यांचे आहे. प्रत्यक्ष अभयारण्यात जावयाचे असल्यास वनविभागाची परवानगी लागते. तेथे प्राण्यांना त्रास देणे व कचरा टाकणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

वाटाड्या बाहेरून आणण्याचे कारण नाही. अकोला व वाशिम या जिल्ह्यांतील फासेपारधी समाजाच्या लोकांना माळावरील प्रत्येक पक्ष्याची व प्राण्याची चाल अवगत असते. तणमोर हा अतिदुर्मिळ पक्षी व त्याचे गवताळ रान राखण्याच्या कामात या समाजातील लोकांनी पुढाकार घेतला आहे. पूर्वी जे ज्ञान फासे लावण्यासाठी वापरले जाई, त्याला सफरीत मानाचे स्थान व रोख मजुरी मिळणे योग्यच होय. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीस आकर्षित करतो. मात्र तो काळ त्याच्या विणीचा असल्यामुळे ते पाहण्यास पाहुणे नेऊ नयेत. रोही, रानडुक्कर, कोल्हा, खोकड, ससा, मोर असे इतर रहिवासी वाटेत भेटतातच. हिवाळ्यात जलाशयांवर बाहेरून येणारी बदके दाखविण्यासाठी अडाण प्रकल्पाची एक फेरी जोडता येते.

आता मुक्कामाच्या सोयींकडे वळू. आरंभी दोन खोल्या पुरेत. त्या घराला लागून असाव्या, रानाच्या कडेला नव्हेत. पाण्याचा हिशेब आधी करावा. शहरातील माणूस दिवसाला १३५ लिटर पाणी वापरतो असे नियोजनात धरतात. चार पाहुण्यांना ५४० लिटर लागतील. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते तेव्हा एवढे पाणी पिकांच्या व गुरांच्या तोंडचे काढावे लागेल काय, हे ज्याचे त्याने पाहावे. छपरावरील पाणी साठविणे उपयुक्त ठरते. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडते, आणि त्यातील गळती-उडती वजा जाता ८ हजार लिटर तरी टाकीत येते.

शौचालय दोन खड्ड्यांचे बांधावे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावा. बंद खड्डा दीड वर्ष तसाच राहू दिल्यास त्यातील मैल्याचे निर्धोक खत होते. आपली काळी जमीन पाणी हळू शोषते, भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. म्हणून खड्ड्याच्या भोवती ३० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर द्यावा आणि विहिरीपासून खड्डे शक्य तितके दूर, किमान १५ मीटरवर घ्यावे.

पाहुण्यांना जमिनीवर अंथरूण घालण्याची हौस असते, पण ती पुरवू नये. मण्यार हा विषारी साप रात्री घरात शिरतो व भुईवर निजलेल्या माणसास दंश करतो. दंश इतका बारीक असतो की कित्येकदा तो कळतही नाही. खाटा व गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरील सोपा उपाय आहे. सर्पदंश झाल्यास जखम चिरणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णास हालचाल करू देऊ नये. अंगणातील दिवे मंद, झाकणीचे व जमिनीकडे तोंड केलेले असावे. ध्वनिक्षेपक तर नकोच. शेतातील उघड्या विहिरीस कठडा बांधून घ्यावा. रात्री पाहुणाही त्यात पडू शकतो व काळवीटही. कुंपणात थेट वीज सोडणे बेकायदेशीर व प्राणघातक आहे. संरक्षण हवेच असेल तर क्षणिक झटका देणारे सौर कुंपण घ्यावे. गुरांना लाळ्या-खुरकुताची व शेळ्यांना पीपीआर रोगाची लस वेळेवर टोचून घ्यावी, कारण एकाच माळावर चरणाऱ्या हरणांना या रोगांची बाधा होऊ शकते.

जेवणात शहरी पदार्थ करण्याच्या भरीस पडू नये. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी व झुणका, हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा उकडून आणि हरभऱ्याचा हुळा, एवढ्यावर पाहुणा तृप्त होतो.

पैशाचा हिशेब उदाहरणादाखल असा मांडता येईल. दोन खोल्या, चार पाहुणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सुमारे १७ शनिवार-रविवार येतात, म्हणजे ३४ रात्री. त्यांपैकी निम्म्या भरल्या असे धरल्यास १७ रात्री, म्हणजेच ६८ मुक्काम. माणशी १५०० रुपये घेतल्यास १ लाख २ हजार रुपये जमा होतील. जेवणखाण, वाटाड्या, धुणे, वीज व डागडुजी यांत निम्मी रक्कम गेली असे समजावे. उरलेल्या ५१ हजारांतून वर्षाचा जेवढा हप्ता निघेल तेवढेच कर्ज झेपणारे आहे. दहा खोल्यांचे कर्ज काढून बसलेल्या शेतकऱ्यास प्राणी दिसोत वा न दिसोत, हप्ता चुकत नाही. मग तो गाडी कळपामागे पिटाळतो व रानाची आणि स्वतःची दोहोंची हानी करून घेतो.

या व्यवसायात एक पेच आहे व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो आरंभीच ओळखावा. कळप पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांचे पैसे एका शेतकऱ्याच्या घरी जातात, आणि तोच कळप रात्री ज्याच्या शेतात उतरतो तो दुसराच असतो. शासनाकडून पीक नुकसानीची भरपाई मिळते. तिच्यासाठी नुकसान होताच पंचनामा करून घेऊन वनविभागाकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज शेजाऱ्यास भरून देणे हे मुक्काम चालविणाऱ्याचे पहिले शेजारकर्तव्य समजावे. दूध, भाजी, डाळ शेजाऱ्यांकडूनच विकत घ्यावी, आणि माणशी ठराविक रक्कम राखणदारीच्या खर्चासाठी बाजूला काढावी. ही रक्कम किती असावी हे ग्रामसभेत ठरलेले बरे. खाजगीत ठरलेल्या गोष्टींतून पुढे कुरबुरी होतात.

पाया खोदण्यापूर्वी दोन कार्यालयांत जाणे आवश्यक आहे. जमिनीच्या वापराबाबत तहसील कार्यालयात, आणि गट क्रमांक अभयारण्याच्या भोवतालच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येतो काय हे वनविभागाकडे विचारावे. अशा क्षेत्रांत नवी हॉटेले व पक्की निवासी बांधकामे यांवर सामान्यतः कडक निर्बंध असतात. बांधकाम झाल्यावर विचारणा करणाऱ्याची भिंतही जाते व पैसाही.

शेताच्या बांधालगत पडीक पट्टा असल्यास त्यावर झाडे लावण्याऐवजी पवना व मारवेल ही गवते राखावी. झाडांची जागा घराजवळ आहे. माळ झाडांनी भरला की काळविटास दूरवरचा शत्रू दिसत नाही व तो तेथून निघून जातो. गवत एकदम सारे न कापता अर्धा पट्टा एका वर्षी व अर्धा दुसऱ्या वर्षी, तोही तणमोराची वीण आटोपल्यावर, कापावा. मृगाचा पाऊस सुरू होताच सफरी बंद कराव्या. काळ्या जमिनीत गाडी रुतते, पांदण उखडते, आणि पेरणीच्या दिवसांत पाहुण्यांकडे पाहावयास घरात माणूसही मोकळा नसतो. त्या चार महिन्यांत छपराची पन्हाळी साफ करून टाकी भरून घ्यावी, मच्छरदाण्या शिवून ठेवाव्या, आणि कोणत्या महिन्यात, किती वाजता, कोणत्या पांदणीवरून किती हरणे दिसली याची वर्षभर लिहिलेली वही वाटाड्यासह बसून वाचावी. पुढील हंगामाच्या सफरीच्या वेळा तीवरूनच ठरवावयाच्या असतात.