एका चहावर किती वेळ बसायचं?

मुंबईतला काळा घोडा म्हटलं की हल्ली लोकांना फेब्रुवारीतला महोत्सव आठवतो. १९९९ पासून तो भरतोय आणि त्यात मजा असते, नाही असं नाही. पण त्या दिवसांत चित्रांपेक्षा चित्रांसमोर फोटो काढणारी माणसंच जास्त दिसतात. या भागाची खरी चव घ्यावी ती आडवारी. साधा बुधवार, ऑफिस सुटल्यावरचे दोन तास, परतीची गाडी जरा उशिराची धरायची, बस्स. चित्रं, पुस्तकं, खाणं आणि गप्पा हे सगळं इथे पायी फिरण्याच्या अंतरात सापडतं. इतकी वर्षं ते एकत्र नांदलं, कारण इथे बसलेल्या माणसाला सहसा कुणी उठवत नसे.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली, सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून. आत जायला तिकीट नाही, त्यामुळे उन्हातून सावलीला आलेला कुरिअरवालाही चित्रांसमोर रेंगाळतो. दालनाच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर अभिप्रायाची वही आणि वहीमागे स्वतः चित्रकार. आपण चित्राकडे बघतो, तो आपल्याकडे बघतो. मग आपण उगाच मान डोलावत पुढे सरकतो. त्यापेक्षा सरळ विचारावं, ‘हा निळा कसा आणलात हो?’ पाच मिनिटांत आपल्यासाठी खुर्ची सरकवली जाते. गॅलरीच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबून, गावाहून टेम्पोत चित्रं घालून आलेल्या माणसाला वहीतल्या ‘अतिसुंदर’पेक्षा असा एखादा प्रश्न हवा असतो.

याच इमारतीत १९६४ पासून ‘समोवार’ होतं. उषा खन्ना ते चालवत. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, अरुंद जागा, बाजूला म्युझियमची हिरवळ. खिमा पराठा, पुदिन्याचा चहा, पेरूचा रस. चित्र विकलं गेलेला आणि न विकलं गेलेला असे दोन्ही चित्रकार तिथे शेजारशेजारच्या टेबलांवर असायचे. जागेवरून गॅलरीशी वाद बरीच वर्षं चालला आणि मार्च २०१५ मध्ये समोवार बंद झालं. गॅलरीतली चित्रं तीच राहिली. ती बघून झाल्यावर भांडायची जागा मात्र गेली.

जवळच ‘वेसाइड इन’ रेस्टॉरंट होतं. कवी अरुण कोलटकरांची गुरुवारची बैठक तिथली. जे.जे.त शिकलेले, जाहिरातक्षेत्रात नाव कमावलेले कोलटकर तिथे मित्रांबरोबर बसत आणि खिडकीबाहेरची ट्रॅफिक बेटावरची वस्ती न्याहाळत. त्यातून झालेलं ‘काला घोडा पोएम्स’ अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं २००४ साली काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलटकर गेले. या संग्रहात फूटपाथवरच्या माणसांच्या न्याहारीवर एक ऐसपैस कविता आहे. इंग्रजी कवितेत इडलीला इतका मान क्वचितच मिळाला असेल. तासाला टेबलाचं भाडं लावलं असतं, तर हे पुस्तक झालं असतं का, याची मला शंकाच आहे. आणि ठरलेल्या गुरुवारची गंमत वेगळीच. ‘एकदा भेटू या रे’ म्हणणाऱ्यांच्या भेटी होत नाहीत. वार ठरला की न कळवता येता येतं आणि न येणाऱ्याची चौकशीही होते.

पुस्तकांचंही तेच. पुस्तक चाळताना एका दुकानात हटकलं गेलं, त्या रागातून आपलं दुकान निघालं, असं टी. एन. शानभाग सांगत. १९४८ साली स्ट्रँड थिएटरात त्यांनी छोटा स्टॉल टाकला, पुढे तो फोर्टात आला. ‘स्ट्रँड’मध्ये सवलत मिळे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उभ्यानं वाचायची मुभा होती. पुस्तकविक्रेत्याला पद्मश्री मिळते हे २००३ साली शानभागांमुळे लोकांनी पाहिलं. २०१८ मध्ये दुकान बंद झालं. डेव्हिड ससून ग्रंथालय अजून आहे. टांकसाळ आणि गोदीतल्या यंत्र-कामगारांनी १८४७ मध्ये त्याची सुरुवात केली. आजची इमारत १८७० ची. तिच्यामागे बाग आहे. बाहेर हॉर्नचा कल्लोळ असताना तिथे बसून वाचता येतं, हे रोज समोरून जाणाऱ्या कितीकांना ठाऊक नसतं.

आता इराणी. इराण्याच्या भिंतीवर नाना ताकिदींची पाटी असे आणि त्यात जास्त वेळ बसू नये ही ताकीदही असे. धोबीतलावच्या ‘बास्तानी’तल्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी तर कविताच केली. गिऱ्हाईक ती पाटी वाचत वाचत दुसरा चहा सांगे. ब्रून मस्का खायचीही एक रीत आहे. ब्रूनचं कवच टाळूला लागेल इतकं कडक हवं, त्याला लोणी हात आखडता न घेता लावलेलं हवं आणि तुकडा चहात बुडवून लगेच बाहेर काढायला हवा. जास्त बुडवला तर तळाशी गाळ उरतो. चहावर लोण्याचे पिवळे ठिपके तरंगू लागले की समजावं, गप्पा रंगल्या.

नव्या कॅफेंना मी नावं ठेवत नाही. कॉफी चांगली असते, लॅपटॉप उघडून बसणाऱ्यालाही कुणी हटकत नाही. फक्त तिथल्या एका कपाच्या पैशांत चौघांचा चहा-मस्का होतो. महिन्यातून एकदा ते परवडेल, दर गुरुवारी परवडणार नाही.

ज्यांना संध्याकाळ जमत नाही त्यांनी दुपार काढावी. बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ चं ‘ब्रिटानिया’ जेवणाच्या वेळेपुरतंच उघडं असतं, संध्याकाळी गेलात तर हात हलवत परत याल. एक बेरी पुलाव दोघांत भागतो. तिसरा येणार असेल तर सल्ली बोटी आधीच सांगून ठेवावी.