नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला?

“सगळीकडे नॉमिनी लावून टाकलाय, आता घोर नाही.” निवृत्त मंडळींच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं, आणि बोलणाऱ्याचं काम निम्मंच झालेलं असतं. माणूस गेल्यावर बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढंच नॉमिनेशन ठरवतं. त्या पैशाचा मालक कोण, हे मृत्युपत्र ठरवतं, आणि ते नसेल तर वारसा कायदा. भाऊ नॉमिनी म्हणून पैसे घेऊन आला, तरी बहीण आपला वाटा मागू शकते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. त्यानेही हे बदललेलं नाही.

‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातलं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. 2011 मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं, त्यात मिळकतींची व्यवस्था लावली. पण कोट्यवधींच्या मुदतठेवी आणि म्युच्युअल फंड त्यात आले नव्हते. तिथे फक्त नॉमिनी होते. 2013 मध्ये ते गेले आणि वाद मुंबई उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला: कंपनी कायद्याखालचं नॉमिनेशन वारसा कायद्यावर मात करत नाही. एवढ्या जाणत्या माणसाच्या मृत्युपत्रातूनही काही सुटू शकतं, तर आपली काय कथा! म्हणून शेवटी एक वाक्य हवंच: “वर उल्लेख न केलेली, तसेच यापुढे मला मिळणारी सर्व स्थावर-जंगम मिळकत अमुक व्यक्तीस मिळावी.” मोफत मिळणाऱ्या तयार नमुन्यांत नेमकं हेच अनेकदा गाळलेलं असतं.

गृहनिर्माण संस्थेतही तेच. महाराष्ट्रात संस्था नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, खरे हक्कदार ठरेपर्यंत. फ्लॅटची मालकी त्याने येत नाही. विम्याचा मामला थोडा निराळा: 2015 च्या दुरुस्तीनुसार आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांची, पण यावरही उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत.

दुसरा लाडका समज: “मी गेलो की सगळं बायकोचंच.” हिंदू वारसा कायदा तसं म्हणत नाही. पत्नी, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांचे समान वाटे. फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर, घरात दोन लहान मुलं आणि सासूबाई, असं चित्र घ्या. पत्नीच्या वाट्याला चौथा हिस्सा. घर विकायचं तर मुलांच्या वाट्यासाठी कोर्टाची परवानगी. आणि सासूबाईंनी मृत्युपत्र केलं नाही, तर त्यांच्या पश्चात त्यांच्या चौथ्या हिश्शात दीर-नणंदाही येतात.

बायकांच्या बाबतीत तर कायदा मला सरळसरळ अन्यायकारक वाटतो. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. दोन साक्षीदारांसमोर केलेल्या सहीने हे टळतं.

हो, सहीनेच. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी ऐच्छिक आहे. केलेली बरी, पण नोंदवलेलं मृत्युपत्र नंतरच्या बिननोंदणीच्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. नोटरीचा लाल शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवायची गरज नसते, तुम्ही सही केलेली त्यांनी पाहिली किंवा तुम्ही ती त्यांच्यापुढे मान्य केली की पुरे. मात्र उद्या कोर्टात त्यांच्यापैकी एकाला तरी उभं राहावं लागेल. तेव्हा ऐंशीच्या मित्रापेक्षा चाळिशीतला शेजारी बरा.

सगळ्यांनाच सगळं मनासारखं देता येतं, असंही नाही. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशाहून अधिक देण्यास वारसांची संमती लागते. गोव्यात मुलांसाठी निम्मा हिस्सा राखीव असतो आणि मृत्युपत्र तिथल्या नोटरीपुढेच करावं लागतं.

“त्यापेक्षा बक्षीसपत्र करून मोकळं व्हावं,” असाही सल्ला मिळतो. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना देताना मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त खरं, पण दिलेलं घर सहजासहजी परत येत नाही. द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट लिहून घ्यावी; ती मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते.

ट्रस्ट म्हटलं की लोकांना देवस्थान किंवा बडे उद्योगपती आठवतात. कुटुंबासाठीचा खासगी ट्रस्ट 1882 च्या कायद्याखाली येतो आणि त्याची खरी गरज स्वमग्न किंवा मतिमंद मूल असलेल्या मध्यमवर्गीय घराला असते. अशा मुलाच्या नावावर थेट पैसे ठेवले तर ते हाताळणार कोण? ट्रस्टमध्ये विश्वस्त त्याचा दरमहाचा खर्च भागवतात. पालकत्व मात्र ट्रस्टने मिळत नाही. अठरा वर्षांनंतर ते राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीकडून वेगळं घ्यावं लागतं. फ्लॅट आजच ट्रस्टच्या नावे केला तर मुद्रांक शुल्क पडतं, मृत्युपत्रातूनच ट्रस्ट निर्माण केला तर पडत नाही. विश्वस्त कोण, हे त्यांना आधी विचारून लिहावं, आणि त्यांच्यानंतर कोण, हेही.