दीर्घिकेत रंग कोण भरतं?

सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची हा तारा आहे. त्याच्या जवळच, शामशबल तारकासमूहात, ‘एम ५१’ ही दीर्घिका आहे. शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाला १७७३ मध्ये ती धूसर डागासारखी दिसली. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून तिच्यातला भोवरा ओळखला आणि हाताने रेखाटला. जानेवारी २००५ मध्ये हबल दुर्बिणीने टिपलेल्या छायाचित्रात मात्र तिचा गाभा पिवळसर, बाहू निळे आणि त्या बाहूंवर गुलाबी ठिपक्यांच्या माळा! हे रंग खरे की कुणी मागाहून भरलेले?

आधी डोळ्याचं पाहू. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी जवळजवळ गप्प होतात. काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंग कळत नाही. मोठी दुर्बीण लावली की दीर्घिका मोठी दिसते, पण तिच्या पृष्ठाची उजळता नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून वाढत नाही. इतकंच काय, यानात बसून तिच्याजवळ गेलो तरीही ती वाढणार नाही. पुरावा डोक्यावरच आहे. आपण एका दीर्घिकेच्या आतच राहतो, तरी आकाशगंगेचा पट्टा दुधाळच दिसतो. रंग तिथे असतो. तो जाणवायला लागेल इतका प्रकाश डोळ्याला मिळत नाही.

कॅमेऱ्याला वाट पाहता येते. तो तासन्‌तास प्रकाश साठवतो. पण हबलच्या कॅमेऱ्यालाही रंग कळत नाही. त्याचा प्रत्येक पिक्सेल प्रकाश किती पडला एवढंच मोजतो. म्हणून समोर एकेक फिल्टर धरून वेगवेगळी कृष्णधवल चित्रं घेतात आणि ती लाल, हिरव्या, निळ्या रंगांत एकमेकांवर बसवतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये रंगीत फितीचं छायाचित्र याच तत्त्वावर दाखवलं होतं. ‘एम ५१’साठी हबलने निळा, हिरवा आणि डोळ्याला न दिसणारा निकट अवरक्त असे फिल्टर वापरले, अवरक्ताला चित्रात लाल जागा मिळाली. चौथा फिल्टर हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा. हबलचं चित्र म्हणजे आपल्या डोळ्याची नक्कल नव्हे. पण त्यातला प्रत्येक रंग मोजमापातून आलेला आहे.

आणि इथेच सगळ्या प्रक्रियेचा कणा आहे: रंग म्हणजे गुणोत्तर. एखाद्या ताऱ्याकडून लाल फिल्टरमधून ४०,००० आणि निळ्यातून २०,००० एकक प्रकाश आला, तर दोनास एक हाच त्याचा रंग. आता दीर्घिकेचे मंद बाहू दिसावेत म्हणून चित्र उजळवलं आणि पडद्याची मर्यादा १,००० असली, तर दोन्ही आकडे १,००० वर जाऊन आदळतात. गुणोत्तर एकास एक होतं आणि तांबूस तारा पांढराफटक पडतो. रॉबर्ट लप्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर सुरेख मार्ग मांडला. आधी तिन्ही रंगांची मिळून एकूण तेजस्विता काढायची, ती दाबून मर्यादेत बसवायची, आणि मग तिन्ही आकड्यांना एकाच प्रमाणात कमी-जास्त करायचं. मंद बाहू उजळतात, प्रखर गाभाही आपला पिवळेपणा राखतो.

जमिनीवरून छायाचित्र घेणाऱ्या हौशी निरीक्षकाला याआधी आणखी दोन कामं करावी लागतात. शहरी दिव्यांचा आणि आकाशाच्या स्वतःच्या उजेडाचा थर प्रत्येक आकड्यात मिसळलेला असतो. तो वजा केल्याशिवाय गुणोत्तराला अर्थ नाही. शिवाय वातावरण निळा प्रकाश जास्त विखुरतं. म्हणून त्याच चित्रातले, ज्यांचा रंग आधीच मोजलेला आहे असे तारे शोधायचे आणि त्यांच्यावरून तिन्ही रंगांचा तोल साधायचा. अनेक जण सूर्यासारख्या ताऱ्याला पांढरा मानून सुरुवात करतात.

एवढी काळजी घेतली की रंग बोलू लागतात. पिवळसर गाभ्यात वृद्ध तारे दाटलेले आहेत. बाहूंचा निळा रंग अतितप्त, वजनदार ताऱ्यांचा. ते इंधन इतकं भराभर जाळतात की काही कोटी वर्षांतच संपतात. म्हणजे निळं दिसतंय तिथे तारे अलीकडेच जन्मलेले असणार. गुलाबी ठिपके म्हणजे नवजात ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी चेतवलेला हायड्रोजन. काळपट तपकिरी रेषा धुळीच्या.

आता ‘एम ५१’चा एक बाहू आतून बाहेर पाहा. आतल्या कडेला काळी धूळ, मग गुलाबी हायड्रोजन, मग निळे तारकागुच्छ. बाहूत शिरताना वायू दाबला जातो, त्यातून तारे जन्मतात, आणि भोवतालचा वायू उधळून ते उघडे पडतात. रंगांचा हा क्रम म्हणजे ताऱ्यांच्या जन्माचा क्रम आहे. एकाच क्षणाच्या चित्रात लक्षावधी वर्षांची घडामोड ओळीने मांडलेली! प्रक्रिया करताना कुणी निळा थोडा जास्त ओढला, गुलाबी थोडा पुसला, तर चित्र कदाचित अधिक देखणंही होईल; पण त्यातलं ताऱ्यांचं वय हरवेल. म्हणून गुणोत्तर जपणारा माणूस दीर्घिकेत रंग भरत नसतो. तिने पाठवलेला रंग तो आपल्यापर्यंत शाबूत पोहोचवत असतो.