रोमच्या नाकी नऊ!

माहीत आहे का? १९५४ साली एक नाही, दोन-दोन अटिला रोमवर चाल करून आले! इटलीच्या 'अटिला'त अँथनी क्विन, तर हॉलिवूडच्या 'साइन ऑफ द पेगन'मध्ये जॅक पॅलन्स. हूण एकच, हीरो... सॉरी, व्हिलन दोन!

क्विनसाहेबांचा स्टॅमिना बघा. त्याच काळात ते फेलिनीच्या 'ला स्त्रादा'चंही शूटिंग करत होते. इकडे हूणांचा राजा, तिकडे गावोगाव खेळ करणारा पैलवान! दुसऱ्या पिक्चरनं पुढे ऑस्कर मारलं. मला विचाराल तर त्या दोन भूमिका पाठोपाठ बघण्यात जी मजा आहे, ती कुठल्याच अ‍ॅक्टिंग क्लासमध्ये नाही.

आणि 'अटिला'ची हिरॉइन? जेमतेम विशीतली सोफिया लॉरेन! रोल होनोरियाचा, म्हणजे रोमन सम्राटाच्या बहिणीचा.

ही होनोरिया काल्पनिक नाही बरं! घरच्यांनी नको त्या माणसाशी लग्न ठरवलं, तेव्हा खऱ्या होनोरियानं थेट अटिलाकडे मदत मागितली. सोबत स्वतःची अंगठी! अटिलानं ती साखरपुड्याची समजली आणि हुंडा मागितला. किती? पश्चिमेचं अर्धं रोमन साम्राज्य!

'साइन ऑफ द पेगन'मध्ये देखणा मार्सियन आणि राजकन्या पुल्केरिया यांचा रोमान्स रंगतो. पुल्केरिया झालीय ल्युडमिला चेरिना, खरीखुरी बॅले डान्सर. इतिहासातला मार्सियन मात्र पूर्व रोमन साम्राज्याच्या गादीवर आला तेव्हा साठीला टेकलेला. पुल्केरियानं आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतलेली. लग्न झालं, पण नावापुरतं!

अटिलाचा थाट कसा असेल? सोन्याची ताटं? छे! इ.स. ४४९ मध्ये त्याच्या दरबारी जेवून आलेला इतिहासकार प्रिस्कस लिहितो की पाहुण्यांना सोन्याचांदीची भांडी होती, राजा मात्र लाकडी ताटात जेवत होता. पेलाही लाकडी! हा सीन कुणीतरी झकास शूट करायला हवा.

रोम त्यानं किती वेळा लुटलं? एकदाही नाही! ४५२ मध्ये इटलीत घुसला, अ‍ॅक्विलिया उद्ध्वस्त केलं, पण मांतुआजवळ पोप लिओ भेटले आणि गडी माघारी वळला. सैन्यात उपासमार आणि रोगराई होतीच. थोडक्यात, हूणानं रोमला हूल दिली!

राफाएलनं व्हॅटिकनच्या भिंतीवर ही भेट रंगवताना काय केलं, माहीत आहे का? ती थेट रोमच्या वेशीवर आणून ठेवली. आणि पोपना चेहरा दिला स्वतःच्या काळच्या पोपचा, दहाव्या लिओचा!

आता क्लायमॅक्स. ४५३. अटिलाचं नवं लग्न, नवरी इल्डिको, भरपूर दारू. रात्रीत घोळणा फुटला, रक्त घशात उतरलं आणि खेळ खल्लास. रोमच्या नाकी नऊ आणणारा नाकामुळेच गेला!

हॉलिवूडच्या इल्डिकोनं त्याला खंजीर खुपसला. खरी इल्डिको सापडली तेव्हा, जुन्या इतिहासकारानं लिहिलंय, पदराआड तोंड लपवून रडत होती.