छत्र निजामाचे, राज्य लोकांचे

हिंदुस्थानातील संस्थानी मुलखात १९३० नंतर ज्या लोकचळवळी उभ्या राहिल्या, त्या बहुतेकींच्या मागण्यांच्या शिरोभागी ‘जबाबदार राज्यपद्धती’ हीच मागणी होती. कारभार पाहणाऱ्या मंत्र्यांनी लोकनियुक्त विधिमंडळाला उत्तरदायी राहावे, त्या मंडळाचा विश्वास गमावताच पायउतार व्हावे आणि राजाने गादीवर खुशाल बसावे, परंतु कारभारात हात घालू नये, असा तिचा अर्थ होता. राजाने आपल्या मर्जीतील चार शहाणी माणसे सल्ल्यासाठी बोलावणे वेगळे आणि ज्यांना घालवता येईल असे मंत्री लोकांना मिळणे वेगळे, हा भेद सर्वच संस्थानिकांना पक्का कळत होता आणि म्हणूनच सल्लागार मंडळे देण्यास ते फारशी खळखळ करीत नसत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला खरोखरच स्वराज्याची घटना दिली, पण औंध हा लहानसा अपवाद होता. या मागणीची खरी कसोटी लागली ती लोकसंख्येने देशातील सर्वांत मोठ्या असलेल्या हैदराबाद संस्थानात.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी, की सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या या संस्थानात १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाख लोक राहत होते. संस्थानाच्या १६ जिल्ह्यांपैकी ८ तेलंगणातले, ५ मराठवाड्यातले आणि ३ कानडी मुलखातले होते. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले. त्यांनी १९१९ मध्ये ‘बाब-ए-हुकूमत’ नावाचे कार्यकारी मंडळ नेमले, पण ते उत्तरदायी होते केवळ निजामाला. मुलखाचा मोठा भाग जहागिरींत आणि ‘सर्फ-ए-खास’मध्ये, म्हणजे निजामाच्या खासगी मालकीत, मोडत होता.

या राज्यात राजकारण कसे करावे, हा प्रश्न ‘गश्ती’मुळे विशेष बिकट झाला होता. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. वरवर पाहता ती किरकोळ कागदी बाब वाटते, परंतु कायदेमंडळाला न विचारता निघालेल्या अशा परिपत्रकांनीच सार्वजनिक जीवनाचा गळा आवळला होता. गश्ती निशान ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकान्वये सभा भरवण्यावर सरकारी परवानगीचा पहारा बसला, तर अन्य गश्तींनी खासगी शाळा आणि आखाडे यांनाही परवानगीच्या चौकटीत कोंबले. शाळा आणि आखाडा या दोन्ही संस्था राज्यकर्त्यांना एकाच मापाच्या धोकादायक वाटाव्यात, यात त्यांची चूक झाली असे इतिहास पाहता म्हणता येत नाही.

परिणामी संस्थानच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरू लागल्या. पहिली १९२३ मध्ये राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाच्या निमित्ताने काकिनाड्याला, त्यानंतर १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये न. चिं. केळकर यांच्या अध्यक्षतेखाली पुण्याला आणि १९३१ मध्ये अकोल्याला, असा हा प्रवास झाला. आपल्या राज्याविषयीची तक्रार शेजारच्या ब्रिटिश मुलखात जाऊन मांडावी लागणे, म्हणजे परक्यांच्या राज्यात आपल्या राज्यापेक्षा अधिक मोकळा श्वास घेता येणे, ही हैदराबादच्या प्रजेच्या वाट्याला आलेली विटंबना होती. शिवाय या परिषदांना जाऊ शकत ते मुख्यतः वकील, व्यापारी आणि सुशिक्षित लोक, त्यामुळे त्यांचे ठराव खेड्यापर्यंत पोहोचत नसत.

खेड्यापर्यंत पोहोचल्या त्या शाळा. मराठवाड्याच्या चळवळीचा इतिहास लढ्याच्या दिवसांपासून सांगण्याची रूढी असली, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते तो शाळांपासूनच सांगायला हवा. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक या पिढीने शिक्षणसंस्थांना हाताशी धरले. १९०७ मध्ये गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी सुरू झाली, तर १९१५ मध्ये औरंगाबादेत सरस्वती भुवन उभे राहिले. हैदराबादला जाणाऱ्या मराठी पाहुण्याने चारमिनार जरूर पाहावा, परंतु जांबागेतील विवेकवर्धिनीच्या फाटकापाशीही थोडे थांबावे, कारण उर्दूच्या राजधानीत मराठी मुलांना मातृभाषेतून शिकवण्याचा हट्ट तेथे धरला गेला. तेलुगू भाषकांनी हेच काम ग्रंथालयांच्या द्वारे केले. १९०१ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे त्याचे आद्य उदाहरण होय.

यांत सर्वांत विलक्षण शाळा हिप्परग्याची. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील या आडगावात १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि १९२९ मध्ये तेथे व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक दाखल झाले. त्यांचा जन्म १९०३ मध्ये विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झालेले, कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामाचा अनुभव घेतलेला. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिप्परग्याहून ते मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस आले व तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत बाबासाहेब परांजपे यांच्यासह गुंतले. संन्याशाने शाळा चालवावी आणि शाळामास्तराने पुढे राज्य हलवावे, हा योग अन्यत्र क्वचितच जुळला असेल.

शाळांचे महत्त्व त्यांत शिकवल्या जाणाऱ्या देशभक्तीपुरते मर्यादित नव्हते. खासगी शाळा चालवण्यासाठी कार्यकारिणी निवडावी लागे, वर्गणी जमवावी लागे, हिशेब वर्गणीदारांपुढे ठेवावा लागे आणि ज्यांचा कारभार पटला नाही त्यांना बदलावेही लागे. ज्या राज्यात कोणताही अधिकारी लोकांना हिशेब देत नव्हता, तेथे उत्तरदायी कारभाराची पहिली तालीम अशा रीतीने गावकऱ्यांनी स्वतःच घेतली. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी मराठवाड्यातील सामान्य शेतकऱ्याला पुस्तकी वाटली नाही, याचे एक कारण या तालमीत शोधावे लागते.

१९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि मराठी भाषकांची परिषद प्रथमच संस्थानाच्या भूमीवर आली. आंध्र परिषदेने तेलंगणात १९३० मध्येच जोगीपेठेला हा मार्ग घालून दिला होता. या परिषदांना आपण राजकीय नसून भाषिक व सांस्कृतिक आहोत असे सांगावे लागे, परंतु मातृभाषेतून शिक्षण मागितले की उर्दूचा प्रश्न निघे, उर्दूचा प्रश्न निघाला की नोकऱ्यांचा निघे आणि नोकऱ्यांमागोमाग राज्य कोणाला विचारून चालते हा प्रश्न आपोआपच दाराशी येऊन उभा राही. १९३८ च्या लातूर अधिवेशनात अर्जविनंत्यांवर विसंबणारे मवाळ आणि प्रत्यक्ष लढा मागणारे तरुण यांच्यातील अंतर उघड झाले. त्यानंतर स्वामीजींनी अंबाजोगाई सोडून हैदराबाद गाठले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत हरिपुरा येथे राष्ट्रीय सभेने संस्थानी प्रजेने आपला लढा आपल्याच बळावर चालवावा असे धोरण ठरवले होते. त्याला अनुसरून हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याची तयारी झाली. तिचे ध्येय ‘निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती’ एवढेच होते, निजामाच्या आसफजाही गादीला त्यात धक्काही नव्हता. तरीही सप्टेंबर १९३८ मध्ये, संघटना रीतसर जन्मास येण्यापूर्वीच, सरकारने तिच्यावर बंदी घातली. ती जातीय आहे, असे कारण देण्यात आले. न जन्मलेल्या संस्थेची जात ओळखणारे हे शासन विरळाच म्हटले पाहिजे.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत गोविंदराव नानल, रावी नारायण रेड्डी, रामकिशन धूत, जनार्दनराव देसाई आणि श्रीनिवासराव बोरीकर होते. त्यांच्यापाठोपाठ स्वामीजींनीही अटक करून घेतली. तेलुगू, मराठी, कानडी व मारवाडी घरांतील माणसे एकाच मागणीसाठी एकत्र तुरुंगात जाण्याचा हा प्रसंग संस्थानाला नवा होता. या पहिल्या तुकडीतील रावी नारायण रेड्डी पुढे साम्यवादी झाले, तेलंगणाच्या सशस्त्र शेतकरी लढ्याचे नेते ठरले आणि १९५२ मध्ये नलगोंड्याहून प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर निवडून आले. एका तुकडीतून निघालेल्या वाटा किती दूर जाऊ शकतात, हे त्यावरून दिसते.

नोव्हेंबरमध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाली आणि विद्यार्थ्यांचा संप उसळला. काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. मात्र याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही स्वतंत्र सत्याग्रह चालू होते व त्यांकडे बोट दाखवून सरकारला स्टेट काँग्रेसला जातीय ठरवणे सोपे गेले. गांधीजींच्या सल्ल्यावरून २४ डिसेंबर १९३८ रोजी सत्याग्रह तहकूब झाला. कार्यकर्त्यांना हा निर्णय झोंबला. तथापि, मागणीचे लोकशाही स्वरूप धार्मिक वादात बुडू नये यासाठी दिलेली ही किंमत पुढील दहा वर्षांच्या दृष्टीने योग्यच होती, असे म्हणावे लागते.

सरकारचे उत्तर जुलै १९३९ मध्ये अरवमुदु अय्यंगार समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या सुधारणांच्या रूपाने आले. ८५ सभासदांच्या विधिमंडळात ४२ लोकनियुक्त, तेही प्रादेशिक मतदारसंघांऐवजी जहागीरदार, वकील, व्यापारी, शेतकरी अशा व्यवसायगटांतून निवडायचे, आणि हिंदू व मुसलमान यांना समसमान जागा, अशी ती योजना होती. मंत्री विधिमंडळाला जबाबदार नव्हतेच, कारण राजा हाच प्रजेचा साक्षात प्रतिनिधी असल्यामुळे त्याच्या आणि तिच्या मध्ये दुसऱ्या प्रतिनिधींची गरज नाही, असा या योजनेमागचा सिद्धान्त होता. तर्क म्हणून तो चातुर्याचा आहे, फक्त प्रतिनिधी बदलायचा झाल्यास काय करावे याची सोय त्यात नाही.

यानंतरचा भाग सर्वपरिचित असल्याने तो धावत्या उल्लेखाने पुरा करता येईल. स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली. स्वामीजी बुर्गुल रामकृष्ण राव यांच्याविरुद्ध थोड्या मतांनी अध्यक्षपदी निवडून आले. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. ७ ऑगस्टला भारतात सामील होण्याची मागणी करणारा दिन पाळण्यात आला, शिंदीची झाडे तोडली गेली, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यांवर हल्ले झाले, सरहद्दीवर उमरखेड, मनमाड, बार्शीच्या परिसरात छावण्या उभ्या राहिल्या आणि कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावोगाव अत्याचार मांडले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान शरण आले. त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर झालेल्या सुडाच्या हिंसेचीही नोंद इतिहासाने ठेवायला हवी.

परंतु १७ सप्टेंबरला मुक्ती मिळाली, जबाबदार राज्यपद्धती नव्हे. जनरल जे. एन. चौधरी हे लष्करी गव्हर्नर १९४९ च्या अखेरीपर्यंत कारभार पाहत होते आणि त्यांच्यानंतर आलेले एम. के. वेल्लोडी हेही केंद्राने नेमलेले सनदी अधिकारी होते. विधिमंडळाला उत्तरदायी असे पहिले मंत्रिमंडळ बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९५२ मध्ये आले. १७५ जागांच्या विधानसभेचे सभापतिपद काशिनाथराव वैद्य यांच्याकडे आले, गृहखाते दिगंबरराव बिंदू यांच्याकडे गेले आणि केशवराव कोरटकरांचे पुत्र विनायकराव मंत्री झाले. स्वामीजी मात्र मंत्रिमंडळाबाहेरच राहून गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले.

या मंत्रिमंडळाची नेमणूक ज्या राजप्रमुखाच्या नावाने झाली, ते राजप्रमुख होते मीर उस्मान अली खान. जे ध्येय १९३८ मध्ये राजद्रोहासमान ठरवून दडपले गेले आणि पुढे लढणाऱ्यांनीही अपुरे म्हणून मागे टाकले, ते ‘निजामाच्या छत्राखाली’ या शब्दांसह अक्षरशः साकार झाले होते. सभागृहात साम्यवादी नेते व्ही. डी. देशपांडे विरोधी पक्षाच्या बाकावरून मंत्र्यांना जाब विचारीत होते आणि मंत्र्यांना उत्तर द्यावे लागत होते. हे सभागृह १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मावळले, त्यामुळे त्याची आठवण जपण्याची जबाबदारी, ज्यांत संस्थानाचा मुलूख वाटला गेला त्या तिन्ही भाषिक राज्यांपैकी कोणीच घेतली नाही. मराठवाडा मुक्तिदिन साजरा करतो, ते उचितच आहे. परंतु शाळेच्या कार्यकारिणीपासून विधानसभेपर्यंत हिशेब मागण्याचा जो हक्क या लोकांनी मिळवला, त्याची पूर्तता पाहायची तर १९४८ च्या सप्टेंबरच्या पुढे, १९५२ च्या मार्चपर्यंत यावे लागते.